न सांगता दिलेल्या गोळ्या

मायच्या गळ्याची गाठ काढली तेव्हा मी वर्ध्याच्या एका हायस्कुलात मास्तर होतो. नोकरीचं दुसरंच वर्ष. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. रोहण्यात, आमच्या गावी, वडील कुणाशीही बोलताना चौथ्या वाक्याला ते आणत. पिकाची गोष्ट चालू असली तरी आणत.

घरात छापील अक्षर वाचणारा मी एकटा. मी मराठी चौथीत असताना आर्वीच्या कचेरीतून एक नोटीस आली होती. ती वडिलांना वाचून दाखवताना अवघड शब्द मी गाळले. त्यात तारखेपुढची एक ओळ गेली. वडील भलत्याच दिवशी बैलगाडी जुंपून आर्वीला गेले आणि साहेबाच्या शिव्या खाऊन आले. ते मला काही बोलले नाहीत. मायनं मात्र चुलीपुढं बसवून सांगितलं, "लिहिलं हाय तितकं सारं वाचत जाजो. समजो का न समजो. गाळू नोको." तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत आलो. बियाण्याच्या पोत्यावरचं, काडेपेटीवरचं, रेल्वेच्या तिकिटावरचं. माय ऐकायची. त्यातलं अर्धं तिच्या कामाचं नसे, पण मध्ये कधी उठून गेली नाही.

गाठ चार वर्षं होती. पदर गळ्याभोवती घट्ट घ्यायची, त्यामुळे दिसत नसे. दुखत नाही तर दाखवायचं कशाला, हे तिचं म्हणणं. मग भाकरीचा घास अडकायला लागला आणि पाणी पिऊन तो खाली ढकलावा लागू लागला, तेव्हा कुठं ती वर्ध्याला यायला तयार झाली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नागपूरला नेण्यास सांगितलं. नागपूरला सरकारी दवाखान्यात गळा उघडला तेव्हा गाठ एका बाजूची नव्हतीच. कंठातली सगळी ग्रंथीच खराब झाली होती. ती पूर्ण काढावी लागली.

मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं की हा कॅन्सर आहे. आजूबाजूला दहा-बारा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. डॉक्टर त्यांच्याशी हिंदीत दोन शब्द बोलून पुढं सरकत होते. माझ्याशी मात्र ते इंग्रजीत बोलले, पाच-सात मिनिटं, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसे. मी इंग्रजीतच प्रश्न विचारले. माझी माय आत गळ्याला पट्ट्या बांधून पडली होती आणि मला बरं वाटत होतं. लिहायचंच आहे तर हेही लिहून ठेवतो.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. आवाजाच्या नसेला धक्का लागलाय, तो पूर्ण परत येईल असं नाही. ग्रंथीला चिकटून चार बारीक गाठी असतात, त्या अंगातल्या चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, बघतात. त्याही बहुधा सोबत निघाल्यात, तेव्हा हातापायांकडे लक्ष ठेवा. आणि तिसरं, काढलेल्या ग्रंथीचं काम आता गोळ्यांनी करायचं. जन्मभर.

हातापायांचं तिसऱ्या दिवशीच दिसलं. सकाळी तिच्या ओठांना मुंग्या आल्या. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली, अंगठा तळव्यात गेला आणि मनगट खाली वाकलं. फणा काढलेल्या नागासारखे दोन हात तिच्या छातीवर उभे. तिला सोडवता येईनात, मलाही येईनात. मी नर्सला बोलवायला धावलो. परत येतो तर शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू मायच्या पायाशी डोकं टेकून बसलेली, आणि आणखी दोघी हात जोडून मागं उभ्या. नागोबा अंगात आला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. एकीनं सुनेला मूल कधी होईल हेही विचारून घेतलं.

आमचं घर महानुभाव पंथाचं. मायनं लग्नाआधीच उपदेश घेतलेला. एका परमेश्वराखेरीज दुसऱ्या कोणत्याही देवतेला आमच्यात हात जोडत नाहीत, आणि अंगात येणं तर औषधालाही नाही. मायचे डोळे रागानं मोठे झालेले मी पाहिले. तिला ओरडून त्या बायांना उठवायचं होतं. आवाज निघत नव्हता. नुसती हवा निघत होती.

शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन हळूहळू दिलं तेव्हा बोटं एकेक करून सुटली. बोलता आल्यावर पहिलं वाक्य ती बोलली ते असं, "त्या बुढीले सांग, माह्या अंगात कोनी येत नाई. आमच्यात जागाच नाई." मी सांगितलं. म्हातारी म्हणाली, देव कुणाला विचारून येत नसतो बाबा.

तीन आठवड्यांनी तिला मी वर्ध्याला माझ्या बिऱ्हाडी आणलं. दोन खोल्या आणि मागं न्हाणी. वडील आणि धाकटी बहीण रोहण्यालाच होते. कापूस वेचणीला आलेला, तो टाकून येता येत नव्हतं. वर्ध्याला मी, माझी बायको आणि माय. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या कागदाच्या पुडीत होत्या, पिवळट तपकिरी, वास किंचित खारट. कॅल्शियमची भुकटी वेगळी. भुकटी संपली की दुकानात नेहमी मिळत नसे, म्हणून डॉक्टरांच्या संमतीनं बायको चुन्याची निवळी करायची. खाण्याचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा, वरचं स्वच्छ पाणी अलगद काढून दुधात घालायचं. माय ते पिऊन तोंड वाकडं करी आणि म्हणे, "भिंत झाली आता माही."

आवाज परत आला, पण निम्मा. फाटक्या बासरीतून निघावा तसा. वाक्य संपायच्या आत दम संपे. वडील एकदा भेटायला आले आणि दोन दिवस राहिले, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "यायले बरं झालं. मी बोलली तरी ऐकू नाई यायचं, अन् नाई बोलली तरी नाई." वडील हसले. मग बाहेर ओट्यावर जाऊन बराच वेळ बसून राहिले.

तरी ते दोन महिने चांगले गेले. माय चालायला लागली, जात्यापाशी बसायला लागली. सकाळी न्हाऊन देवपूजा करायची. आमच्या घरचा देव म्हणजे परंपरेनं आलेला लहानसा प्रसाद, वस्त्रात गुंडाळून फळीवर ठेवलेला; माय जिथं राही तिथं तो तिच्यासोबत जाई. त्याला वंदन करणं आणि नाम घेणं, एवढं तिचं चाले. पूजा झाल्यावर गोळी. गोळीला ती "माही गाठ" म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना की गाठीचं काम गोळी करते, ते मी तिला सांगितलं होतं.

फाल्गुनात पुडीतल्या गोळ्या संपल्या. त्या वर्ध्यात मिळेनात, म्हणून मी नागपूरच्या औषधाच्या दुकानातून बाटली आणली. काळसर काचेची बाटली, वर इंग्रजी लेबल, आत घडी करून घातलेला पातळ कागद. मी घरी आलो तेव्हा माय गहू निवडत होती. बायको चहा टाकत होती. माय म्हणाली, "काय लिहिलं हाय त्याच्यावर?"

मी वाचलं. आधी इंग्रजीत, मग अर्थ. कंपनीचं नाव, गोळ्या किती, थंड जागी ठेवा. मग आतला कागद उघडला. त्यात अवघड शब्द होते, आणि अवघड शब्दाला नेमका मराठी शब्द सापडला की मला आनंद होई. मी सांगितलं, प्रत्येक गोळीत मेंढीची कंठग्रंथी, म्हणजे गळ्यातली गाठ, स्वच्छ करून, चरबी काढून, वाळवून केलेली पूड आहे, इतकी इतकी.

वाक्य पुरं झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते.

मायचा हात सुपात तसाच राहिला. तिनं विचारलं, "त्या पुडीत बी हेच होतं?"

मी म्हणालो, औषध तेच, त्यामुळे तेच असणार. खोटं सांगायचं सुचलं नाही असं नाही. पण सुचेपर्यंत तोंडातून निघून गेलं होतं.

आमच्याकडे पाणीसुद्धा गाळून घेतात, एखादा जीव पोटात जाऊ नये म्हणून. माय उठून न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. दोन महिन्यांत किती गोळ्या झाल्या ते तिनं बोटांवर मोजलं आणि तितकी नामं घेण्याचा नेम धरला. आणि उपवास. डॉक्टरांनी उपवास अजिबात करू नका असं बजावलं होतं. पाचव्या दिवशी देवाच्या फळीपुढं बसलेली असतानाच तिचे हात पुन्हा फण्यासारखे वळले. बायकोनं दुधात निवळी घालून चमच्यानं तोंडात घातली. चुना मात्र ती घेत होती. चुना दगडाचा असतो.

गोळी तिनं पुन्हा तोंडात घेतली नाही.

मी खूप बोललो. बी.ए. झालेला माणूस अडाणी बाईशी बोलतो तसा बोललो, हेही कबूल करतो. मेंढी तुझ्यासाठी मारलेली नाही, ती मेलीच होती, गाठ लोक फेकूनच देतात. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुहं खरं हाय बाप्पा." आणि घ्यायची नाही. मी नागपूरला डॉक्टरांना पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: गोळीवाचून चालणार नाही, अंग सुजेल, गारठेल, मंदावेल, आणि रोग परत उलटण्याची भीती. तेही मी तिला वाचून दाखवलं, सगळं. ती म्हणाली, "उलटन तं उलटन."

मग मी आमच्या आश्रमाच्या महंतांकडे गेलो. वृद्ध, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, रोगी माणसानं जीव राखण्यासाठी घेतलेल्या औषधाचा दोष नाही. वाटलाच तर बरं झाल्यावर प्रायश्चित्त आहे. मी जवळजवळ धावतच घरी आलो. मायला सांगितलं. तिनं विचारलं, महंतांना कुणी विचारलं? मी म्हणालो, मी. "मंग त्याईनं तुले सांगतलं," ती म्हणाली. "मले नाई." तिला स्वतः घेऊन जातो म्हटलं तर आली नाही. त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्या शब्दावर आपलं ओझं टाकल्यासारखं होईल, असं काहीतरी ती म्हणाली. तिच्या फाटक्या आवाजात मला ते पुरतं ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचा माझा धीर झाला नाही.

वर्ध्याचा वैशाख कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारत होतो, आणि त्या खोलीत माय दोन गोधड्या घेऊन बसलेली. हात लावला तर गार. चेहरा फुगला, डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, भुवयांचे केस गळाले. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे की विचारणारा मध्येच दुसरं काम करायला लागे. शेजारीण बायकोला म्हणाली, सासू चांगली धष्टपुष्ट झाली हो तुमची, वर्ध्याचं पाणी मानवलं. बायको आत येऊन मोरीशी उभी राहून रडली.

तीच एक दिवस म्हणाली, "वरणात टाकू का? कुटून?"

मी नाही म्हणालो. मी नाहीच म्हणणार हे तिनं धरलेलंच होतं, त्यामुळे ती गप्प बसली नाही. म्हणाली, तुम्ही खरं बोलून आत्याबाईले या गोधडीत बसवलं, आता मी खोटं वागून उठवून दाखवते. ही माझी बायको, आर्वीजवळच्या खेड्यातली, चौथी पास. मी चार दिवस नाही म्हणत राहिलो. पाचव्या दिवशी मायनं माझ्याकडे बघून मला वडिलांच्या नावानं हाक मारली. त्या संध्याकाळी मी बाटली बायकोच्या हाती दिली.

ती गोळी खलबत्त्यात कुटायची आणि मायच्या वाटीतल्या वरणात घालून वर लसणाची फोडणी द्यायची. खलबत्ता तीन पाण्यांनी धुवायची. तीही उपदेशी घरचीच होती. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

आषाढात मायनं एक गोधडी बाजूला ठेवली. श्रावणात दुसरी. एके दिवशी तिनं आपणहून विळा घेतला आणि परसातली अंबाडीची भाजी कापून आणली. वडील आले, तिला बघून म्हणाले, "अरे, हे तं जुनी वापस आली." आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

त्यानंतर एकदा मी शाळेतून आलो तेव्हा ती ओट्यावर बसलेली होती. मला शेजारी बसवून घेतलं.

"मले बरं वाटून राह्यलं," ती म्हणाली. "काऊन?"

मी म्हणालो, चुना, दूध, आणि तुझं नाम.

तिनं दम घेतला. मग म्हणाली, "कागद वाचतो तसा सांग. तुम्ही काही टाकता का माह्या जेवनात?"

"नाही."

तिनं मान हलवली. लगेच विश्वास ठेवला. मी गाळत नाही हे तिला माहीत होतं.

दिवाळीनंतर तिला रोहण्याला जायचं होतं. बहिणीचं लग्न ठरत होतं, मुलाकडचे घर बघायला येणार होते, आणि वेचणीच्या दिवसांत ती आजवर कधी घराबाहेर राहिलेली नव्हती. थांब म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. खरं कारण सांगता येत नव्हतं. पुलगावला गाडी बदलून छोट्या गाडीनं मी तिला रोहण्याला पोचवलं आणि बहिणीला गोठ्यामागं नेऊन कुटलेल्या गोळ्यांच्या पुड्या दिल्या. बहीण अठरा वर्षांची. पुड्यांत काय आहे ते ऐकून तिनं त्या पदराच्या टोकात धरल्या, हातात घेतल्या नाहीत. म्हणाली, दादा, मले जमन का? मी म्हणालो, मायचा जीव आहे. तिनं पदराला गाठ मारली.

तिला जमलं. अडीच महिने जमलं.

मोडलं ते मायच्या एका सवयीमुळे, जी माझ्या ध्यानातच आली नव्हती. माय जेवताना शेवटचा घास कधी स्वतः खात नसे. वाटीत उरलेल्या वरणात भाकर कुस्करायची आणि बहिणीच्या पुढं करायची, ती तान्ही असल्यापासून. वर्ध्याला बहीण नव्हती, त्यामुळे तो घास ती स्वतःच खाई. रोहण्याला बहीण काहीतरी निमित्त काढून उठायची. पाणी आणते, गाईला टाकते. एक दिवस मायनं तिचा हात धरून खाली बसवलं आणि घास तोंडाशी नेला. बहिणीनं दात आवळून तोंड फिरवलं.

मायनं तो घास हातात धरला. वाटीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं नाही, सांगितलं, "दादानं देलं तुले."

वडिलांनी गावातल्या मास्तरांकडून कार्ड लिहून पाठवलं. एकच ओळ: लगेच येणे. मी शाळेतून रजा घेऊन निघालो. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होतो. घरात शिरलो तर माय ओसरीवर, उन्हाला पाठ करून बसलेली. पुड्या तिच्यापुढं ओळीनं मांडलेल्या. वडील खांबाला टेकून होते. मला बघून ते म्हणाले, "बोला साहेब." आयुष्यात एकदाच त्यांनी मला टोमणा मारला, तो तेव्हा.

मी म्हणालो, मी खोटं बोललो.

"ते समजलं," माय म्हणाली. ती रडली नव्हती आणि रागावलेलीही दिसत नव्हती. तिनं दोन दिवस विचार केलेला होता, आणि तिला वाक्यं तोडून तोडून बोलावं लागत होतं, म्हणून आम्हाला गप्प बसून ऐकावं लागलं. "पोरीचं लगन वैशाखात हाय. मी अशी गोधडीत बसून राह्यली तं मुलाकडचे म्हनतीन, माय रोगी, पोरगी बी रोगी. म्हनून तवापर्यंत मी हे घेईन. माह्या हातानं. तुमी चोरून देलं तं ते पाप तिघाच्या माथ्यावर जाते. मी घेतलं तं माह्या एकटीच्या. लगन झालं का बंद. मंग कोनी चोरून काही टाकाचं नाई. तुह्या बायकोनं नाई, हिनं नाई, तू नाई. शब्द दे."

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी शब्द दिला.

त्या दिवसापासून तिनं देवाला हात लावणं सोडलं. सकाळी न्हाऊन, मी आणून दिलेल्या नव्या बाटलीतली गोळी घ्यायची, पाण्यासोबत, सगळ्यांच्या समोर, आणि मग उंबऱ्याबाहेर बसून फळीकडे बघत नाम घ्यायची. पूजा बहीण करी. बहीण चुकली तर बाहेरून सांगे. प्रसाद वस्त्रातून काढताना पदर कसा धरायचा, हेही तिनं बहिणीला उंबऱ्याबाहेरूनच शिकवलं. जेवायला ती वेगळी बसू लागली, आणि शेवटचा घास आता कुणाच्या पुढं करत नव्हती.

लग्न चांगलं झालं. मायनं पुरणाला हात लावला नाही, पण पाहुण्यांच्या पंगतीत उभी राहून वाढणाऱ्यांना हुकूम सोडत होती. आवाज पोचत नव्हता म्हणून हातातला पळा ताटावर वाजवायची. व्याही म्हणाले, विहीणबाईंचा दरारा आहे. पोरगी गाडीत बसताना ती रडली, इतर बायांसारखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोक्यावरून न्हाणं घेतलं. ओल्या केसांनी माझ्याकडे आली आणि बाटली माझ्या हातात दिली. आत तेरा गोळ्या उरल्या होत्या. मग ती उंबरा ओलांडून आत गेली आणि सव्वाचार महिन्यांनी पहिल्यांदा देवापुढं बसली. खूप वेळ बसली. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड इतकं मोकळं होतं की मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोललो नाही.

पुढचं सगळं आधी पाहिलेलं होतं, फक्त हळू. पावसाळ्याच्या शेवटी ती गोधडीत गेली. मी तिला पुन्हा वर्ध्याला आणलं. गळ्याला जुन्या वणाच्या खाली कडक काहीतरी हाताला लागायला लागलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी ते बोटांनी चाचपलं आणि नागपूरला न्या असं या वेळी म्हणाले नाहीत. दूध आणि निवळी चालू होती, त्यामुळे हात वळत नव्हते. पण ती दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपायची. जागी असली की कुठं आहे ते तिला कळायचं, मी कोण तेही बहुतेक वेळा कळायचं. अन्नाची चव गेली होती. एक दिवस वरणात मीठ घालायचं राहिलं, तिला समजलंही नाही.

त्याच दिवशी दुपारी बायको माझ्याकडे आली. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. ती म्हणाली, "त्या बाटलीत तेरा गोळ्या तशाच हाय. आता त्याईले काईच समजत नाई. टाकू का?"

मी हातातली उत्तरपत्रिका तपासून बाजूला ठेवली. मग म्हणालो, नाही.

"शब्दाखातर?"

"हो."

ती तशीच उभी राहिली. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "चुकलंच माहं. तुम्हाले विचाराचंच नोतं मी." आणि आत गेली.

मी त्याच दिवशी बाटली घेऊन गेलो आणि विहिरीपलीकडच्या उकिरड्यावर रिकामी केली. त्यानंतर माय बावीस दिवस होती. ते बावीस दिवस तिचं ताट मी स्वतः वाढून घेत असे, चुलीजवळ उभं राहून, भांड्यातलं थेट वाटीत. बायकोला वाटीला हात लावू देत नव्हतो. मायला मीच भरवायचो. तिला अर्धा घास गिळायला पाव तास लागायचा, आणि तोवर मी वाट बघत बसायचो.